बत्तीस मस्टर आणि एक मुलाखत

मस्टरकाकांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाला बाहेर काढलं नव्हतं. ते फक्त लाल शाईने खूण करत. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हजेरीचं मस्टर त्यांच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जायचं, आणि त्यानंतर धापा टाकत आलेल्या माणसाकडे ते अशा काही नजरेने बघायचे की त्याने स्वतःहून अर्धी रजा लिहून द्यावी. बाहेर काढणं हे वरच्यांचं काम. आपलं काम कोण आला, किती वाजता आला आणि आल्याची सही त्याने स्वतः केली की त्याच्या मित्राने, एवढंच बघायचं. दुसऱ्याच्या नावावर सही ठोकणारा त्यांना अक्षराच्या वळणावरून कळायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सोळा बिऱ्हाडांच्या त्या चार मजली इमारतीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. ते इमारतीचे सेक्रेटरीही होते, कारण सेक्रेटरी व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

तर सोमवारी संध्याकाळी त्यांची लेक लॅपटॉप कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, जागा नाही म्हणतंय."

"कशात जागा नाही?"

"इंटरनेटमध्ये."

लेक छत्तीस वर्षांची होती, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती आणि घरात तिला अजून चिंगी म्हणत. नऊ वर्षं ती कंत्राटावर होती. दर वर्षी परीक्षा संपल्या की एका ओळीच्या पत्राने तिला काढून टाकत आणि कॉलेज उघडलं की दुसऱ्या एका ओळीच्या पत्राने परत घेत. मधले दोन महिने ती घरातली सगळी कपाटं आवरायची, आणि त्या दोन महिन्यांत तिच्याशी मोठ्याने बोलायची काकाकाकूंची छाती होत नसे. आता एका दुसऱ्या संस्थेत कायमची जागा निघाली होती. मुलाखत गुरुवारी बारा वाजता, घरबसल्या, पडद्यावर. वयाची अट बघता पुढच्या वर्षी तिला अर्जही करता आला नसता. म्हणजे गुरुवार बारा, नाहीतर जन्मभर कपाटं.

आणि इमारतीचं इंटरनेट म्हणत होतं, जागा नाही. मोबाइलवर भागवावं तर त्या इमारतीत मोबाइल जेमतेम बोलण्यापुरता चाले. चित्र दिसायचं असेल तर गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहावं लागे, आणि निवड समितीपुढे अशा अवस्थेत बसणं कुठल्याही शास्त्राच्या प्राध्यापिकेला शोभलं नसतं.

"गुरुवारी बारा वाजता तुला जागा मिळेल," काका म्हणाले. "माझा शब्द आहे."

काकूंनी आतून विचारलं, "कुणाच्या जिवावर शब्द देताय?"

काकांनी नेटवाल्याला फोन लावला. हा नेटवाला म्हणजे इमारतीत खोका बसवणारा माणूस. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत त्याने भिंतीवर एक काळा खोका ठोकला होता आणि सोळाही बिऱ्हाडांचं नेट त्याच्यातून वर जात होतं. फोन लागला तेव्हा तो दुसऱ्या कुठल्याशा गावी एका मनोऱ्यावर चढलेला होता आणि वाऱ्यामुळे त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं.

"काका, त्या खोक्यात एका वेळी बत्तीस सेशन मावतात."

"सेशन म्हणजे?"

"म्हणजे एक जण आत शिरला की एक सेशन. तो बाहेर पडेपर्यंत त्याची जागा अडलेली. बत्तीस भरले की तेहतिसाव्याला जागा नाही. तुम्ही खोक्याला वायर लावा, काळा पडदा येईल, त्यावर कमांड टाईप करा. सगळी यादी दिसेल. कोण आलाय, कधी आलाय, किती वेळ रिकामा बसलाय. रिकामा असेल त्याला काढून टाका."

काका खुर्चीत सावरून बसले. कोण आलाय, कधी आलाय, किती वेळ रिकामा बसलाय! एकतीस वर्षं ज्या तिसऱ्या रकान्यासाठी ते साहेबांच्या मागे लागले होते, तो रकाना जिन्याखाली एका खोक्यात तयार होता आणि त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

खोक्याचा पासवर्ड मात्र काकांकडे नव्हता. तो एका पाकिटात होता, पाकीट लाखेने बंद केलेलं होतं आणि ते अध्यक्षांच्या कपाटात होतं. इमारतीचे अध्यक्ष पूर्वी भूमापन खात्यात होते. घरात चहा कुठल्या कपात प्यायचा हेही ते लेखी ठरवत असावेत असा काकूंचा संशय होता.

"पाकीट फोडायला ठराव लागेल," मंगळवारी सकाळी अध्यक्ष म्हणाले.

"अहो, मीच सेक्रेटरी. तुम्ही अध्यक्ष. दोघं इथेच आहोत."

"गणसंख्या तीन आहे."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या व्हायोलिनबाईंना बोलावणं गेलं. बाई मुलींना पडद्यावरून व्हायोलिन शिकवत, आणि कमिटीत त्या केवळ एका वार्षिक सभेला चुकून वेळेवर आल्यामुळे होत्या. तिघांची सभा भरली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. व्हायोलिनबाईंनी मागील सभेत आपण नव्हतोच असं सांगितल्यावर ते पुन्हा वाचण्यात आलं. अर्ध्या तासाने ठराव झाला, लाख फुटली, आणि आतून वहीच्या पानाचा एक चतकोर तुकडा निघाला. तो हातात द्यायला अध्यक्षांनी नकार दिला.

"गोपनीय आहे. मी वाचतो, तुम्ही लक्षात ठेवा."

म्हणून ते दोघं मीटरच्या खोलीत गेले. तिथे काकांनी इस्त्रीचं टेबल उघडून त्यावर लेकीचा जुना लॅपटॉप ठेवला आणि पालथ्या बादलीवर बैठक मारली. अध्यक्ष दार लावून त्यांच्या कानात एकेक अक्षर कुजबुजू लागले. कागद झाकायला त्यांनी अंगठा ठेवला होता आणि अंगठ्याखाली नेमकी दोन अक्षरं होती. तीनदा चुकल्यावर खोक्याने दहा मिनिटं दार बंद केलं. दहा मिनिटं दोघं अंधाऱ्या खोलीत एकमेकांचा श्वास ऐकत बसले. तेवढ्यात मीटर बघायला आलेल्या वीजखात्याच्या माणसाने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं, "नंतर येतो" म्हणाला आणि दार लावून घेतलं. काकांना त्याचं फार लागलं. इतकी वर्षं सचोटीने नोकरी केल्यावर हे बघायचं नशिबी यावं.

अंगठा हलला तेव्हा खोका उघडला. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका लुकलुकू लागला. काकांनी नेटवाल्याने सांगितल्याप्रमाणे एका बोटाने 'शो युजर्स' असं इंग्रजीत टाईप केलं, आणि यादी सरसर खाली उतरली. क्रमांक, नाव, आल्याची वेळ, रिकामा किती वेळ. रेघा नव्हत्या, पण रकाने सरळ होते. काकांना गहिवरून आलं.

मग त्यांनी नावाचा रकाना वाचला.

पहिला, मस्टर. दुसरा, मस्टर. तिसरा, मस्टर. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस ओळींत एकच नाव होतं, आणि ते त्यांचं होतं. खोका बसवताना नेटवाल्याने प्रत्येक घराला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होता. काकांनी आपलं नाव हौसेने 'मस्टर' ठेवून घेतलं होतं. आता ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या सह्या ठोकणारे पकडले, त्याच्या नावावर अख्खी इमारत सही ठोकत होती.

"माझा पासवर्ड फुटला," घरी येऊन ते काकूंना म्हणाले. आवाज घरात कुणी गेल्यावर काढतात तसा होता.

"फुटला कशाला? मी दिला," काकू म्हणाल्या.

"कुणाला?"

"खालच्या दातांच्या डॉक्टरांना दिला. त्यांची चिठ्ठी धुवायच्या कोटात गेली होती. मग व्हायोलिनबाई म्हणाल्या, त्यांचा पासवर्ड चौदा अक्षरी आहे आणि मधे एक चिन्ह आहे ते त्यांच्या फोनवर सापडतच नाही. मग समोरच्यांनी मागितला. आपला कसा सुटसुटीत आहे. वाटीभर साखर मागायला आलेल्या माणसाला आपण नाही म्हणतो का?"

"साखर आणि पासवर्ड एक आहे का?"

"साखर संपते तरी. हा कितीही दिला तरी आपल्याकडे आहेच की. प्रत्येकाला बजावून सांगितलंय मी, दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून."

नेटवाल्याला पुन्हा फोन झाला. एका नावावर बत्तीस जण शिरतातच कसे, असं काकांनी दरडावून विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात काका," तो वाऱ्यातून ओरडला, "पैपाहुणे येतात, मर्यादा ठेवू नकोस म्हणून. आता पासवर्ड बदलून टाका, एका मिनिटात सगळे बाहेर."

उपाय सोपा होता, पण काकू दारात आडव्या आल्या. "दिलेली वस्तू परत घ्यायची रीत नाही आपल्या घरात. उद्या जिन्यात भेटल्यावर तोंड कसं दाखवू मी? डॉक्टरांनी माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरीणबाई दोन तास हात धरून बसल्या होत्या." काकूंच्या दाढेपुढे तंत्रज्ञानाचं काही चाललं नाही.

तेव्हा काकांनी त्यांना येत होतं ते केलं. बुधवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, यादीची नक्कल वहीत उतरवून ते दारोदार निघाले. यादीत नाव एकच असलं तरी आल्याच्या वेळा वेगळ्या होत्या. वेळेवरून माणूस ओळखायचा, आणि ओळखल्यावर गुरुवारी साडेअकरा ते एक बाहेर राहायची त्याला विनंती करायची. न विचारता कुणाला काढणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

"सोमवारी सकाळी नऊ बाराला आपण आलात का?" तळमजल्यावर त्यांनी दातांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर एका माणसाच्या तोंडात काम करत होते.

"मी नसेन. पेशंट असतील. बाहेर बाकावर बसून कंटाळतात बिचारे, म्हणून मी पासवर्ड भिंतीवर लावलाय."

काकांनी मागे वळून पाहिलं. 'कृपया शांतता राखा' या पाटीखाली त्यांचं नाव आणि पासवर्ड ठळक अक्षरांत चौकटीत लावला होता. अक्षर सुंदर होतं. "बघा मस्टरकाका," डॉक्टर आतलं काम चालू ठेवून म्हणाले, "दुखणारी वस्तू हलवत बसू नये. एकदाच मुळापासून काढावी." तोंड उघडं असलेल्या माणसाने काकांकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की त्यांनी हा सल्ला वहीत घेतला नाही.

व्हायोलिनबाईंनी बसायला खुर्ची दिली आणि हात जोडले. "मला मधेच काढू नका हो. परवा नेट गेलं तेव्हा माझी विद्यार्थिनी वरच्या सुरावर अडकून राहिली. अर्धा तास तिला वाटलं, बाई ऐकतायत." त्यांच्याकडे चार सेशन निघाली. एक त्यांचं, एक बहिणीचं, एक जुन्या फोनचं जो फक्त घड्याळ म्हणून भिंतीला टेकून ठेवला होता, आणि एक कुणाचं ते त्यांनाही सांगता येईना. अध्यक्षांकडे टीव्ही होता, तो आठ दिवस बंद असूनही आत बसलेला होता. "त्याला काढायचं तर सात दिवसांची लेखी नोटीस द्या," अध्यक्ष म्हणाले. "टीव्हीला?" काकांनी विचारलं. "टीव्हीच्या मालकाला," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळपर्यंत काकांचे गुडघे बोलू लागले, सहा घरी चहा झाला, आणि वहीत बत्तीसपैकी सव्वीस जणांची ओळख पटली. सगळ्यांनी शब्द दिला. ताईची मुलाखत म्हटल्यावर डॉक्टरांनी तर भिंतीवरचा कागदही दीड तास उलटा लावायचं कबूल केलं. काका रात्री शांत झोपले. चिंगी झोपली नाही. काकूंना दोनदा तिच्या खोलीतून कपाटाचं दार वाजलेलं ऐकू आलं.

गुरुवारी साडेअकराला काका बादलीवर बसले. वर, दुसऱ्या मजल्यावर, चिंगी इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती. काकू जिन्याच्या मधल्या वळणावर निरोप वर-खाली करायला उभ्या होत्या. काकांनी यादी मागवली. बत्तीस.

"अगं, सगळे बाहेर पडणार होते ना?" काकांनी वर ओरडून विचारलं.

"पडलेत की!" काकू ओरडल्या. "सगळी माणसं बाहेरच आहेत. मला दिसतायत ना गॅलरीत!"

माणसं बाहेर होती हे खरं. सौजन्याने घराबाहेर येऊन उभी होती. पण त्यांचे फोन खिशात आणि टेबलांवर पडल्या पडल्या आत बसलेले होते, कारण नेट बंद करायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे बुधवारी कुणी विचारलं नव्हतं आणि काकांनाही सुचलं नव्हतं.

काढावंच लागणार होतं. काकांनी यादीत सर्वांत आळशी ओळ शोधली. सतरा नंबर, आठ दिवस रिकामा. हा अध्यक्षांचा टीव्ही. त्यांनी 'क्लिअर सेशन सतरा' असं टाईप केलं. खोक्याने विचारलं, नक्की का? काकांना खोक्याची ही अदब आवडली. त्यांनी मनातल्या मनात अध्यक्षांची माफी मागितली आणि होकाराचं बटण दाबलं. सतरावी ओळ गेली. एकतीस!

"चिंगीला सांग, शीर म्हणावं!"

निरोप वळणावरून वर गेला. चिंगीने बटण दाबलं. "जागा नाही," निरोप खाली आला. काकांनी यादी मागवली तर बत्तीस. टीव्ही गेला होता, पण जागा रिकामी झाल्याबरोबर आपल्याच घरातला कुणाचा तरी फोन चपळाईने आत शिरला होता. तो काकूंचा होता. त्या वळणावर तो हातात धरूनच उभ्या होत्या.

काकांनी चौदा काढला. व्हायोलिनबाईंचं घड्याळ आत आलं. बावीस काढला. बावीस परत आला, नव्या वेळेसह, जरा टवटवीत होऊन. घाईत त्यांनी नऊ काढला आणि तळमजल्यावरून डॉक्टरांचा आवाज आला, "अहो, माझा एक्स-रे गेला पडद्यावरून! कुठली दाढ होती?" पाठोपाठ एक माणूस तोंडावर हात धरून दवाखान्यातून बाहेर पडला आणि न थांबता रस्त्याला लागला. नुसता पुढे चालत राहिला. घामाने काकांचा चष्मा घसरत होता. अकरा चौपन्न झाले होते.

"बाबा!" चिंगी आता स्वतःच जिन्यात आली होती. लहानपणी शाळेची बस सुटताना जशी हाक मारायची तशी हाक होती ती.

अडलं की प्रश्नचिन्ह टाका, खोका स्वतः सांगतो त्याला काय काय येतं, असं नेटवाला म्हणाला होता. काकांच्या ऑफिसात प्रश्न विचारणाऱ्याला कुणी काही सांगत नसे, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता त्यांनी 'क्लिअर सेशन' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. खोक्याने दोनच उत्तरं दिली. एक, नंबर. दोन, 'ऑल'.

"वर जा," काका ओरडले. "बटणावर बोट ठेवून बस. मी 'आता' म्हटलं की दाब. आणि तू," हे काकूंना, "तो फोन बंद कर आधी!"

त्यांनी 'ऑल' लिहिलं. नक्की का, खोक्याने विचारलं. काकांचं बोट हवेत थांबलं. बत्तीस माणसं, किंवा निदान बत्तीस वस्तू, एकालाही नोटीस नाही, आणि सगळी आपल्याच नावाची. यातली निम्मी माणसं त्यांच्या आजारपणात औषधं आणून देणारी होती. पण मग त्यांना ती एका ओळीची पत्रं आठवली. नऊ पत्रं. त्यातल्या एकाही पत्राने त्यांच्या लेकीला विचारलं नव्हतं.

"आता!" काका गरजले आणि बटण दाबलं.

क्षणभर यादीत काही उरलं नाही. नुसते रकाने. मग एक ओळ उमटली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या धडाधड कोसळल्या. वरून चिंगीचा आवाज आला, "मिळाली! बाबा, मिळाली जागा!" इमारतीत चारही मजल्यांवर दारं उघडू लागली. कुणाचं गाणं तुटलं होतं, कुणाची मेहुणी अर्ध्या वाक्यात गेली होती. काका जिन्यात येऊन उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले, "मी काढलं. मीच काढलं." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की अध्यक्षसुद्धा नोटिशीबद्दल बोलले नाहीत.

बारा वाजले. बारा दहा झाले. बारा पंधराला चिंगी बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"काय झालं? गेलं?"

"नाही. मी आत आहे. तिकडे कुणीच नाही. तिन्ही खुर्च्या रिकाम्या. नुसतं 'प्रतीक्षा करा' म्हणतंय."

मुलाखतीच्या पत्रावर चौकशीसाठी एक नंबर होता. चिंगीने फोन लावला. पलीकडे संस्थेतले एक लिपिक होते आणि रडकुंडीला आलेले होते. निवड समिती त्यांच्या टेबलाभोवती उभी होती, पण समितीला आत जाता येत नव्हतं. पडद्यावर 'जागा नाही' असं येत होतं. यंत्रांचा माणूस रजेवर होता. अजून दहा मिनिटांत जमलं नाही तर आजच्या मुलाखती रद्द करून पुढच्या वर्षी नव्याने जाहिरात काढायची असं साहेब म्हणत होते.

पुढचं वर्ष म्हणजे काय ते चिंगीला माहीत होतं. तिने फोन बाबांकडे दिला.

"तुमच्याकडे काळा पडदा आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे. पण मी त्याला हात लावत नाही."

"लावा. मीही परवापर्यंत लावत नव्हतो. पासवर्ड?"

"यंत्रवाल्याने टेबलावर चिकटवून ठेवलाय."

मग काकांनी 'शो युजर्स'चं एकेक अक्षर सांगितलं. पलीकडे एका बोटाने टाईप केल्याचा आवाज येत होता. तो आवाज काकांना ओळखीचा वाटला. लिपिकाने पडद्यावर यादी आणली.

"साहेब," मग तो अगदी हळू म्हणाला, "पन्नास जागा आहेत. त्यात एकोणचाळीस आमचे संचालक आहेत."

"संचालक किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच आहेत हो. तोच एक आवरत नाही. पण त्यांच्या घरचे, त्यांच्या ड्रायव्हरचे, त्यांच्या साडूच्या पोरांचे, सगळे त्यांच्याच नावावर शिरलेत. आणि ते स्वतः इथे माझ्या मागे उभे आहेत, जागा मिळत नाही म्हणून माझ्यावर ओरडतायत."

काकांनी जिन्यातल्या कोपऱ्यात तोंड वळवलं. "'क्लिअर सेशन ऑल' लिहा."

"लिहिलं. नक्की का विचारतोय." लिपिकाचा श्वास ऐकू येत होता. "साहेब, मला निवृत्तीला चार महिने राहिलेत. संचालकांना बाहेर काढायचं म्हणजे... आधी त्यांना विचारतो."

"विचारू नका," काका म्हणाले. "मी काल पंधरा दारांवर विचारत हिंडलो. सगळी माणसं चांगली होती आणि एकही जागा सुटली नाही. काढा."

टक्, असा एकच आवाज आला. मग लिपिकाने असा उसासा टाकला की तो चिंगीलाही ऐकू आला.

"गेले," तो म्हणाला.

"किती?"

"सगळे. एकोणचाळीसही." आणि आणखी आवाज खाली आणून, "तेहतीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं साहेब."

बारा अठ्ठावीसला मुलाखत सुरू झाली आणि पन्नास मिनिटं चालली. तेवढा वेळ अख्खी इमारत फोन बंद करून जिन्यात बसून राहिली. ते कसे बंद करायचे हे व्हायोलिनबाईंच्या बहिणीने सगळ्यांना एकदाचं दाखवलं होतं. आतून चिंगीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा ती हसली तेव्हा काकूंनी काकांचा हात गच्च धरला. बाहेर आली तेव्हा त्यांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं यातलं तिने काही सांगितलं नाही. "झाली," एवढंच म्हणाली आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून थोडा वेळ उभी राहिली.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी काकांचा फोन वाजला.

"साहेब, मी तो लिपिक. यादी सहीला गेली होती, आत्ता माझ्या टेबलावर आली. पत्र निघायला आठवडा जाईल, म्हणून म्हटलं आधी कळवावं. ताईंचं नाव पहिलं आहे. कायम म्हणून. मी दोनदा वाचून बघितलं. ताईंना आता काढायची कमांड नाही साहेब."

काकांना आभार मानायचे होते. पण त्यांनी फोन तसाच काकूंच्या हातात दिला. काकूंनी ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि एकदम म्हणाल्या, "अहो, जा ना! सांगा तिला!"

काका चिंगीच्या खोलीपर्यंत गेले. दार लोटलेलं होतं. आत ती जुन्या कॉलेजच्या मुलांना पडद्यावरून शिकवत होती. कुठल्याशा आम्लाबद्दल सांगत होती आणि कुणीतरी विचारलेली शंका पुन्हा पहिल्यापासून समजावत होती. काकांनी दारावर ठेवलेला हात मागे घेतला.

"काय झालं? सांगितलं का?" काकूंनी मागून विचारलं.

"तास चालू आहे तिचा," काका म्हणाले. "तिला मधेच नको काढायला."

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, दाराबाहेर ठेवलं आणि डोळे पुसत, तास संपायची वाट बघत बसून राहिले.